गरोदरपणातील लोहाच्या गोळ्या: पहिल्या तपासणीपासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंत

गरोदरपणाची पहिली तपासणी झाली की औषधांच्या चिठ्ठीवर लोहाची गोळी जवळपास ठरलेलीच असते. चिठ्ठीवर ‘रोज एक’ एवढेच लिहिलेले असते. ती कशाबरोबर घ्यायची, कशाबरोबर टाळायची, शौचाचा रंग काळा झाला तर घाबरायचे का, बाळंतपणानंतर ती चालू ठेवायची का, हे प्रश्न घरी आल्यावर पडतात. आणि उत्तरे न मिळाल्यामुळे कित्येक जणी थोड्याच दिवसांत गोळी बाजूला ठेवून देतात. पहिल्यांदा गरोदर असलेल्या स्त्रीला, तिच्या जोडीदाराला आणि घरच्यांना हा विषय क्रमाने समजावा, यासाठी हे लिहिले आहे. यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: गिळलेली गोळी आणि अंगी लागलेले लोह यांत मोठे अंतर असते, आणि बाळाच्या वाट्याला येते ते अंगी लागलेल्या लोहातूनच. मात्रा किती असावी, हे मात्र आपले अहवाल पाहून आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

गरज नेमकी किती असते

एका गरोदरपणात एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण एक ग्रॅम लोह लागते. त्यातले सुमारे ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वार (प्लॅसेंटा) यांच्याकडे जाते, ४५० ते ५०० मिलिग्रॅम आईच्या अंगातील तांबड्या पेशी वाढवण्यात खर्च होते आणि उरलेल्या लोहातून शरीराची रोजची झीज भरून निघते. ही गरज नऊ महिने सारखी नसते. पहिल्या तिमाहीत मासिक पाळी थांबलेली असल्यामुळे ती फारशी वाढत नाही. दुसऱ्या तिमाहीपासून ती चढत जाते आणि शेवटच्या तिमाहीत रोज पाच-सहा मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त लोह प्रत्यक्ष रक्तात शोषले जावे लागते. एरवी निरोगी प्रौढ माणसाचे शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषते. गरोदरपणात आतडी शोषणाचे प्रमाण आपणहून वाढवतात, परंतु मुळातच साठा कमी असेल तर नुसत्या आहारावर ही तफावत भरून निघणे कठीण असते.

याच काळात आईच्या रक्तातील द्रव भाग जवळपास दीडपट होतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण त्या प्रमाणात नाही. त्यामुळे रक्त थोडे पातळ होते आणि हिमोग्लोबिनचा आकडा काहीसा उतरतो. हा उतार नैसर्गिक आहे. म्हणूनच गरोदरपणातील रक्तक्षयाची मर्यादा वेगळी धरली जाते: पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली, तर दुसऱ्या तिमाहीत १०.५ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय समजला जातो. ७ ग्रॅमच्या खालचा रक्तक्षय गंभीर असतो आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात, कारण अशा अवस्थेत प्रसूतीच्या वेळचा थोडासा जास्त रक्तस्रावही आईला झेपत नाही.

आता बाळाकडे पाहू. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा त्याच्या अंगात वजनाच्या दर किलोमागे साधारण ७५ मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातले बहुतेक त्याला गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळालेले असते. जन्मानंतरचे पहिले चार ते सहा महिने ते मुख्यतः याच शिदोरीवर वाढते. बाळ आईच्या अंगातून हवे तेवढे लोह ओढून घेतेच, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे आणि तो अर्धाच खरा आहे. वार आईच्या रक्तातून लोह उचलून बाळाकडे पोहोचवते, हे खरे. पण आईचा साठा फार खालावला की बाळाचा साठाही कमी भरतो. अशा वेळी मिळालेल्या लोहातला पहिला वाटा बाळाचे शरीर तांबड्या पेशींना देते. त्यामुळे बाळाचे हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही त्याच्या मेंदूला लोह कमी पडत असण्याची शक्यता राहते. मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण, मेंदूतील संदेशवाहक रसायने आणि मेंदूच्या पेशींची ऊर्जानिर्मिती या तिन्हींना लोह लागते, आणि स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग नेमका गर्भावस्थेच्या अखेरीस आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत झपाट्याने वाढत असतो. आईच्या गोळीचा विचार बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंत न्यावा लागतो तो याच कारणाने.

पहिली पायरी: रक्ताची तपासणी

गोळी सुरू करण्याआधी किंवा सुरू करतानाच पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन तपासले जाते. एवढ्यावर न थांबता डॉक्टरांना फेरिटिनबद्दलही विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन. फेरिटिनवरून शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज येतो. लोह कमी पडू लागले की आधी साठा संपतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. म्हणजे हिमोग्लोबिन ११.५ असलेल्या स्त्रीचाही साठा जवळजवळ रिकामा असू शकतो. गरोदरपणात फेरिटिन ३० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असल्यास बहुतेक डॉक्टर लोहाची कमतरता आहे असे धरून चालतात. मात्र अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर हा आकडा खोटाच वर गेलेला दिसतो, त्यामुळे तो तब्येतीच्या संदर्भातच वाचावा लागतो.

थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांची वाहक असलेल्या स्त्रीच्या रक्तात तांबड्या पेशी लहान दिसतात आणि हिमोग्लोबिनही कमी येऊ शकते. अहवाल वरवर पाहिला तर ही लोहाचीच कमतरता वाटते. म्हणून घरात कोणाला असा आजार असेल, पूर्वी लोहाच्या गोळ्यांनी काहीच गुण आला नसेल किंवा कधी रक्त चढवावे लागले असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. वाहक स्त्रीला लोहाची कमतरता असूच शकत नाही असे नाही. तिच्या बाबतीत फेरिटिन पाहून मात्रा ठरवतात. लोह अंगात प्रमाणाबाहेर साठण्याचा आनुवंशिक आजार घराण्यात असेल तर तेही सांगणे तितकेच आवश्यक आहे.

हिमोग्लोबिनची तपासणी साधारणपणे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान आणि त्यानंतर प्रसूती जवळ आल्यावर पुन्हा केली जाते. सर्व अहवाल तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावून ठेवावेत, कारण एकट्या आकड्यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे, यावरून डॉक्टरांना जास्त कळते.

दुसरी पायरी: वेष्टनावरचा खरा आकडा शोधणे

नवख्या व्यक्तीचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. गोळीत शुद्ध लोह नसते, लोहाचा क्षार असतो, आणि वेष्टनावर ठळक छापलेले मिलिग्रॅम बहुधा त्या संपूर्ण क्षाराचे वजन असते. शरीराच्या कामाचा आकडा म्हणजे त्यातील मूलद्रव्य लोह, ज्याला डॉक्टर आणि औषधविक्रेते ‘एलिमेंटल आयर्न’ म्हणतात. तो वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेला असतो.

दोन गोळ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीवर फेरस ग्लुकोनेट ३०० मिलिग्रॅम असे लिहिलेले आहे आणि दुसरीवर कोरडे फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम. वाचणाऱ्याला पहिली गोळी जोरकस वाटेल. प्रत्यक्षात तिच्यात सुमारे ३५ मिलिग्रॅम लोह असते आणि दुसरीत सुमारे ६५ मिलिग्रॅम. फेरस फ्युमरेटच्या १८० मिलिग्रॅममधून साधारण ६० मिलिग्रॅम लोह मिळते. तेव्हा दुकानात गोळीचे नाव बदलून मिळाले, तर ‘हीसुद्धा लोहाचीच आहे’ एवढ्यावर समाधान न मानता दोन्हींतील मूलद्रव्य लोहाचा आकडा जुळतो का, हे विचारावे. गरोदरपणासाठीच्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही बहुधा लोह असते. ती वेगळी चालू असेल तर तिच्यातले लोहही या हिशेबात धरायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार, रक्तक्षय नसलेल्या गरोदर स्त्रीने रोज ३० ते ६० मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड (फोलेट या जीवनसत्त्वाचे गोळीतले रूप) घ्यावे, आणि ज्या समाजात गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षय ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथे लोहाची मात्रा ६० मिलिग्रॅम ठेवणे श्रेयस्कर समजावे. रक्तक्षय असल्याचे निष्पन्न झाल्यास हिमोग्लोबिन सामान्य होईपर्यंत रोज १२० मिलिग्रॅम, अशी याच संघटनेची शिफारस आहे. अनेक डॉक्टर मात्र त्याहून कमी मात्रेवर भागवणे पसंत करतात, कारण मात्रा वाढली की शोषले जाणारे प्रमाण घटते आणि पोटाचा त्रास वाढतो. काही देशांत सर्वांना सरसकट लोह न देता तपासणी पाहूनच दिले जाते. त्यामुळे दोन देशांत राहणाऱ्या दोन मैत्रिणींच्या चिठ्ठ्या जुळल्या नाहीत, म्हणून कोणा एकीचे डॉक्टर चुकले असे होत नाही.

फोलिक अ‍ॅसिडबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून तयार होतात, ती गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत बंद होते. म्हणजे गरोदर असल्याचे कळेपर्यंत बहुतेक वेळा हा टप्पा जवळ आलेला किंवा उलटून गेलेला असतो. त्यामुळे दिवस राहण्याचा विचार सुरू झाला की तेव्हापासूनच फोलिक अ‍ॅसिड घ्यावे. सुरुवातीच्या आठवड्यांत उलट्यांमुळे लोह अजिबात सोसत नसेल, तर डॉक्टर काही काळ लोह थांबवून नुसते फोलिक अ‍ॅसिड चालू ठेवू शकतात. स्वतःच्या मनाने दोन्ही एकदम बंद करू नये.

तिसरी पायरी: दिवसातली वेळ ठरवणे

लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि त्यासाठी जठरातील आम्ल उपयोगी पडते. म्हणून गोळी रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्याबरोबर घेतल्यास सर्वांत चांगली अंगी लागते. सोबत क जीवनसत्त्व असलेले फळ किंवा त्याचा रस घेतल्यास शोषणाला मदत होते. त्यासाठी क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी घ्यावीच लागते असे नाही. आतड्यात पुढे गेल्यावर विरघळणारे आवरण असलेल्या गोळ्या पोटाला सौम्य वाटतात, परंतु लोह जिथे जास्त शोषले जाते तो भाग ओलांडून गेल्यावर त्या उघडतात. त्यामुळे त्या निवडण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

चहा आणि कॉफीतील घटक लोहाला बांधून ठेवतात. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास ही पेये घेऊ नयेत. दूध, कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची औषधे यांनीही शोषण कमी होते. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम या दोन्ही गोळ्या चालू असणे नेहमीचेच आहे आणि सोयीसाठी दोन्ही एकदम गिळून टाकण्याची सवयही तितकीच नेहमीची आहे. ती मोडणे हा या पायरीतला मुख्य भाग समजावा.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रीने अधिक काळजी घ्यावी, कारण लोहामुळे त्या गोळीचे शोषण बिघडते आणि दोन्हींत किमान चार तासांचे अंतर लागते. अशा स्त्रीचा दिवस साधारण असा आखता येतो: सकाळी उठल्यावर उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, दुपार टळल्यावर पोट हलके असताना लोह, आणि कॅल्शियमची दुसरी गोळी असेल तर ती रात्रीच्या जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी नसेल तर लोह सकाळीच घेऊन मोकळे होता येते. काही प्रतिजैविकांशीही लोहाचे जमत नाही. त्यामुळे मध्येच दुसऱ्या आजारासाठी औषध सुरू झाले तर लोह चालू असल्याचे त्या डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

गोळी एकाच वेळी घ्यावी की दिवसातून दोन-तीनदा विभागून, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत बदलले आहे. लोहाची मात्रा पोटात गेली की यकृतातून हेपसिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते सुमारे एक दिवस आतड्यांतील शोषणाचा मार्ग अरुंद करून ठेवते. त्यामुळे सकाळच्या गोळीनंतर संध्याकाळी घेतलेली दुसरी गोळी कमी शोषली जाते. लोह कमी असलेल्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांत दिवसाआड घेतलेल्या गोळीतून, गोळीमागे हिशेब केला तर, रोजच्या गोळीपेक्षा जास्त लोह अंगी लागल्याचे दिसले आहे. याचा अर्थ सर्वांनी दिवसाआड घ्यावी असा मात्र नाही. गरोदरपणाच्या उत्तरार्धात हेपसिडिन मुळातच कमी होते आणि गरजही मोठी असते. रोजची गोळी सोसत नसेल तर दिवसाआडचा पर्याय उपलब्ध आहे आणि त्याला शास्त्रीय आधार आहे, एवढे लक्षात ठेवून डॉक्टरांना विचारावे.

एखाद्या दिवशी गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. नेहमीच्या वेळी नेहमीची एकच घ्यावी.

चौथी पायरी: त्रास झाला तर गोळी न सोडता मार्ग काढणे

मळमळ, छातीत जळजळ, पोटात मुरडा, बद्धकोष्ठता, क्वचित जुलाब हे त्रास खरे असतात. ‘सगळ्यांनाच होते, सहन कर’ असे सांगून ते थांबत नाहीत. उलट अशा उत्तरामुळेच स्त्री मुकाट्याने गोळी बंद करते, पुढच्या भेटीत ‘घेते आहे’ असे सांगते आणि गुण का येत नाही म्हणून डॉक्टर मात्रा आणखी वाढवतात. घरच्यांना माझी विनंती आहे की, गोळी घेतली का, एवढेच विचारू नये. ती घेतल्यावर कसे वाटते, हेही विचारावे.

मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपण्याआधी घेऊन पाहावी किंवा थोडे खाऊन घ्यावी. खाण्याबरोबर शोषण काहीसे कमी होईल, पण रोज अंगी लागणारे थोडे लोह हे सोडून दिलेल्या गोळीपेक्षा केव्हाही चांगले. तरीही भागत नसेल तर कमी लोह असलेली गोळी, दुसरा क्षार, द्रवरूप औषध किंवा दिवसाआडची मात्रा, असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. द्रवरूप लोहामुळे दातांवर डाग पडतात, म्हणून ते नळीने प्यावे आणि लगेच चूळ भरावी.

बद्धकोष्ठतेसाठी भरपूर पाणी, तंतुमय पदार्थ आणि रोजचे चालणे यांनी बराच फरक पडतो. गरोदरपणात आतड्यांची हालचाल मुळातच मंदावलेली असते आणि लोहाने त्यात भर पडते. त्यामुळे गरज भासल्यास शौचास साफ होण्याचे सुरक्षित औषध डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

शौचाचा रंग हिरवट काळा होणे ही लोहाची अपेक्षित खूण आहे. तेवढ्यावरून घाबरू नये. पण शौच डांबरासारखे चिकट आणि अतिशय दुर्गंधीयुक्त होत असेल, त्यात रक्त दिसत असेल किंवा सोबत पोटात तीव्र दुखत असेल, तर ती गोळीची खूण न मानता लगेच दाखवावे.

माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ सतत खावासा वाटणे हे अनेकदा डोहाळे म्हणून सोडून दिले जाते. लोहाच्या कमतरतेतही अशी इच्छा होते. रात्री झोपताना पायांत अस्वस्थता वाटून ते सारखे हलवावेसे वाटणे, हेही तसेच एक लक्षण आहे. दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात.

पाचवी पायरी: गुण येतो आहे का, हे पाहणे

रक्तक्षयासाठी उपचार सुरू झाले असतील तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. उपचार लागू पडत असतील तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने चढलेले दिसावे. तसे झाले नाही तर आधी गोळी खरोखर घेतली जाते का आणि कशाबरोबर घेतली जाते, हे प्रामाणिकपणे तपासावे. तिथे काही उणे नसेल तर ब१२ जीवनसत्त्व किंवा फोलेटची कमतरता, थॅलेसेमियाची वाहकता, आतड्यांतील जंत, न कळत होणारा रक्तस्राव, किंवा शोषणात अडथळा आणणारा पोटाचा विकार अथवा पूर्वीची पोटाची शस्त्रक्रिया, यांचा शोध डॉक्टर घेतात.

गोळ्या अजिबात सोसत नसतील, त्यांनी गुण येत नसेल, किंवा प्रसूती जवळ आलेली असताना रक्तक्षय बराच असेल, तर शिरेतून लोह दिले जाते. ते पहिल्या तिमाहीत देत नाहीत, त्यानंतर देता येते. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता असल्यामुळे ते तशी सोय असलेल्या ठिकाणीच, देखरेखीखाली घ्यायचे असते. गोळ्यांना कंटाळून ‘एकदा सलाईन लावून टाका’ असा आग्रह धरू नये. आणि डॉक्टरांनी गरज सांगितली असेल तर भीतीने टाळूही नये.

हिमोग्लोबिन सामान्य झाले की उपचार संपले, असेही समजू नये. साठा भरायला त्यानंतरही वेळ लागतो. म्हणून गोळी साधारण आणखी तीन महिने आणि प्रसूतीनंतर किमान सहा आठवडे चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. दुसरीकडे, जास्त लोह म्हणजे जास्त चांगले, असेही नाही. शेवटच्या तिमाहीत हिमोग्लोबिन फार चढलेले दिसले तर रक्तातील द्रव भाग अपेक्षेप्रमाणे वाढला आहे ना, हे डॉक्टर पाहतात, कारण तो न वाढणे हे बाळाच्या वाढीच्या दृष्टीने चांगले लक्षण नसते.

सहावी पायरी: प्रसूतीच्या वेळची एक विनंती

जन्माच्या क्षणी बाळ आणि वार यांच्यातील एकूण रक्तापैकी सुमारे एक तृतीयांश रक्त वारेत असते. नाळ लगेच चिमटा लावून कापली तर ते तिथेच राहते. थोडे थांबले तर त्यातले बरेचसे बाळाकडे येते आणि त्यातील तांबड्या पेशींबरोबर पुढच्या काही महिन्यांना पुरेल असे लोहही येते. जागतिक आरोग्य संघटना जन्मानंतर किमान एक मिनिट, साधारण एक ते तीन मिनिटे थांबून नाळ बांधण्याची शिफारस करते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना याचा फायदा विशेष होतो. थांबल्यामुळे काही बाळांची कावीळ किंचित वाढू शकते, म्हणून पहिल्या दिवसांत तिच्यावर लक्ष ठेवतात. ही विनंती शेवटच्या महिन्यातल्या भेटीत आधीच करून ठेवावी, कारण कळा सुरू झाल्यावर ती आठवत नाही. आणि बाळाला श्वासासाठी तातडीच्या मदतीची गरज पडली तर निर्णय तिथल्या डॉक्टरांवर सोडावा.

सातवी पायरी: बाळंतपणानंतर आईसाठी

प्रसूतीत ५०० मिलिलिटर रक्त गेले आणि हिमोग्लोबिन ११ असेल, तर त्याबरोबर अंगातील सुमारे १८५ मिलिग्रॅम लोह जाते. एवढे लोह गोळ्यांतून पुन्हा अंगी लागायला कित्येक आठवडे लागतात. नेमक्या याच काळात सगळ्यांचे लक्ष बाळाकडे वळलेले असते आणि बाळंतिणीच्या गोळ्या तशाच पडून राहतात. ज्या समाजात गरोदरपणातील रक्तक्षय ही सार्वजनिक आरोग्याची समस्या आहे तिथे प्रसूतीनंतर ६ ते १२ आठवडे लोह द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळंतिणीचा न सरणारा थकवा, धाप, उदासी आणि चिडचिड यांमागे अनेक कारणे असू शकतात. त्यांत रक्तक्षय आहे का, हे एका साध्या तपासणीतून कळते आणि ती जरूर करून घ्यावी.

आईने गोळ्या घेतल्या म्हणून तिच्या दुधातले लोह मात्र फारसे वाढत नाही. तिने त्या स्वतःसाठी घ्यायच्या असतात.

आठवी पायरी: बाळासाठी

अंगावरच्या दुधात लिटरमागे साधारण ०.३५ मिलिग्रॅम एवढेच लोह असते, पण ते फार चांगले शोषले जाते. आणि पूर्ण दिवसांचे, पुरेशा वजनाचे बाळ स्वतःबरोबर आणलेल्या साठ्यावर पहिले काही महिने व्यवस्थित वाढते. त्यामुळे पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, हा सल्ला लोहाच्या दृष्टीनेही अशा बाळाला बहुधा पुरेसा ठरतो. काही देशांतील बालरोगतज्ज्ञ चार महिने पूर्ण झाल्यापासून दर किलोमागे रोज १ मिलिग्रॅम लोह थेंबांतून सुरू करतात, काही ठिकाणी तसे करत नाहीत. आपल्या बाळाबाबत आपल्या डॉक्टरांचे ऐकावे.

जी बाळे मुळातच कमी साठा घेऊन येतात, त्यांची गोष्ट वेगळी असते. अपुऱ्या दिवसांचे बाळ शेवटच्या तिमाहीतल्या साठवणुकीला मुकलेले असते आणि जन्मानंतर झपाट्याने वाढत असल्यामुळे त्याला लोह जास्तच लागते. कमी वजनाची बाळे, जुळी, आणि ज्यांच्या आईला गरोदरपणात नीट आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा तीव्र रक्तक्षय होता अशी बाळे, यांनाही हा धोका असतो. अशा बाळांना पहिल्या काही आठवड्यांपासून किंवा महिन्यांपासून दर किलोमागे रोज साधारण २ ते ४ मिलिग्रॅम लोह सुचवले जाते. सुरुवात कधी करायची आणि नेमके किती द्यायचे, हे जन्माच्या वेळचे वजन, किती आठवड्यांनी जन्म झाला आणि रक्त चढवले होते का, यावर ठरते. म्हणून घरी जाण्याआधी डॉक्टरांना हा प्रश्न स्पष्ट विचारून उत्तर लिहून घ्यावे.

बाळाचे थेंब देताना मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत होऊ देऊ नये. वेगवेगळ्या बाटल्यांत दर मिलिलिटरमागे लोहाचे प्रमाण वेगवेगळे असते; बाटली बदलली आणि मिलिलिटर तेवढेच ठेवले, तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते. औषधाबरोबर मिळालेल्या पिचकारीनेच मोजावे, घरातल्या चमच्याने नाही.

सुमारे सहा महिने पूर्ण झाले की वरच्या आहारात लोह असलेले पदार्थ सुरुवातीपासूनच हवेत: मऊ शिजवून बारीक केलेले मांस किंवा अंडे, डाळी, कडधान्ये, लोहयुक्त धान्याची पेज. वनस्पतिजन्य पदार्थांतील लोह कमी शोषले जाते, म्हणून त्यांच्याबरोबर क जीवनसत्त्व असलेले फळ द्यावे. गाईचे दूध मुख्य पेय म्हणून वर्षाच्या आत देऊ नये. त्यात लोह अत्यल्प असते, त्यातील कॅल्शियम शोषणाच्या आड येते आणि लहान बाळाच्या आतड्यांतून त्यामुळे सूक्ष्म रक्तस्रावही होऊ शकतो. बाळ फिकट दिसत असेल, दूध ओढताना दमत असेल किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर नेमून दिलेल्या भेटीची वाट न पाहता दाखवावे.

पहिल्या दिवसापासून: गोळ्या मुलांच्या हाती लागू न देणे

ही सूचना शेवटी येत असली तरी ती गोळ्यांचे पहिले पाकीट घरात येईल त्याच दिवशी अमलात आणायची आहे. लोहाच्या गोळ्या अनेकदा लाल, चकचकीत आणि गोड आवरणाच्या असतात, आणि घरात मोठे भावंड असेल तर ते त्यांना खाऊ समजू शकते. शरीराच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मूलद्रव्य लोह पोटात गेल्यास जिवाला धोका निर्माण होतो. म्हणजे १० किलो वजनाच्या मुलासाठी ६० मिलिग्रॅमच्या अवघ्या दहा गोळ्या. त्याहून कमी गोळ्यांनीही विषबाधा होऊ शकते. गोळ्या मूळ पाकिटातच, उंचावर, कुलूपबंद ठेवाव्यात. पर्समध्ये, उशाशी किंवा जेवणाच्या टेबलावर ठेवू नयेत.

मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. सुरुवातीला उलट्या आणि जुलाब होतात, मग काही तास मूल बरे झाल्यासारखे वाटते, आणि त्यानंतर प्रकृती अचानक ढासळू शकते. त्यामुळे मूल खेळते आहे हे पाहून घरीच थांबणे अत्यंत धोक्याचे आहे. घरी उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे आणि किती गोळ्या शिल्लक आहेत, मुलाचे वजन किती आहे आणि गोळ्या साधारण किती वाजता खाल्ल्या असाव्यात, हे पोहोचताच सांगावे, म्हणजे पोटात गेलेल्या लोहाचा हिशेब करून डॉक्टरांना लगेच उपचार सुरू करता येतील.